पडद्यावरचा राणी कलर कागदावर का मळतो?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

फोटो छापायला देण्यापूर्वीच्या रंगकामाबद्दल सोलापूरच्या वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. लग्नाचे अल्बम, टॉवेल-चादरींचे कॅटलॉग, गड्ड्याच्या यात्रेची स्मरणिका असे विषय वेगवेगळे असले, तरी बहुतेक पत्रांत एक माहिती राहून गेली होती : फोटो कोणत्या मशीनवर आणि कोणत्या कागदावर छापला जाणार आहे. यापुढे प्रश्न पाठवताना ती जरूर लिहा. रंगाबद्दलचे निम्मे उत्तर त्यातच असते.

प्रश्न : मी लग्नाची फोटोग्राफी करतो. लॅपटॉपवर फोटो छान उजळ दिसतात, पण १२ बाय ३६चा अल्बम छापून आला की सगळं एक-दीड स्टॉप काळवंडलेलं असतं. लॅबवाले म्हणतात, फाइलच डार्क आहे. खरं काय?
— एक फोटोग्राफर, साखर पेठ

उत्तर : लॅबवाले बरोबर सांगत आहेत, मात्र फाइल डार्क होण्याचे कारण तुमच्या लॅपटॉपचा ब्राइटनेस आहे. पडदा फार उजळ असला की डोळ्याला बरे वाटेपर्यंत आपण एक्स्पोजर खाली आणतो. हिशोब करून पाहा. खोलीत ३५० लक्स उजेड असेल, तर त्यात धरलेल्या पांढऱ्या फोटोपेपरची उजळता साधारण १०० कँडेला प्रति चौरस मीटर भरते. (लक्सला ०.९ ने गुणायचे आणि ३.१४ ने भागायचे.) पूर्ण ब्राइटनेसवरचा पडदा २५० ते ३०० कँडेला सहज देतो. म्हणजे कागदाच्या अडीच ते तीन पट, आपल्या भाषेत सव्वा ते दीड स्टॉप (एका स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो). तुमच्या पत्रातला फरकही तेवढाच आहे.

मॉनिटर मोजायचे यंत्र असेल तर पडदा अर्धा तास चालू ठेवून मग कॅलिब्रेट करा, म्हणजे ठरलेल्या मापांवर आणा : व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) डी ६५, गॅमा २.२, ब्राइटनेस १०० कँडेला. खोलीत उजेड भरपूर असेल तर १२० पर्यंत चालते. त्याआधी नाइट लाइट, ऑटो ब्राइटनेस आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा, नाहीतर मोजणी संपायच्या आत पडदा बदललेला असतो. यंत्र नसेल तर फोटोशॉपमध्ये कोरी पांढरी फाइल उघडा, पडद्याशेजारी छपाईचा कोरा कागद धरा आणि दोन्ही पांढरे सारखेच उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. अनेक लॅपटॉपवर तो निम्म्याच्या खाली जातो. पहिले दोन दिवस पडदा मेलेला वाटेल. पुन्हा वाढवू नका, डोळा रुळतो. दुकानात अंधार करून एडिटिंग करायची सवयही सोडा. अंधारात पडदा आणखी उजळ भासतो आणि फोटो आणखी खाली ओढला जातो.

यानंतर लॅबकडून ४ बाय ६चे तीन-चार टेस्ट प्रिंट काढून घ्या. नवरीचा चेहरा, पांढरा शर्ट, काळी शेरवानी आणि हळदीचा एक फोटो एवढे पुरे. ऑर्डरवर 'नो करेक्शन' असे स्पष्ट लिहा. मिनीलॅबवर ऑपरेटरच्या हाताशी सायन, मॅजेंटा, यलो आणि डेन्सिटी अशा चार कळा असतात, आणि तो चांगल्या हेतूनेच फोटोगणिक त्या दाबत असतो. त्यामुळे समोरासमोरच्या दोन पानांवर एकच चेहरा दोन रंगांचा दिसतो. करेक्शन शून्य ठेवून काढलेली टेस्ट तुमच्या पडद्याशी जुळली, तरच पुढचा हिशोब खरा.

प्रिंट काळवंडलेला नसून फिका आणि राखाडी येत असेल, हळदीचा पिवळा उतरलेला असेल, तर कारण वेगळे. कॅमेरा किंवा रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) उघडणारे सॉफ्टवेअर अ‍ॅडोबी आरजीबी या मोठ्या रंगजागेवर असते आणि लॅबचे मशीन प्रत्येक फाइल एसआरजीबी या लहान रंगजागेतली समजून छापते. फोटोशॉपमध्ये एडिट मेन्यूतून 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' करून एसआरजीबी द्या. (फाइलमधल्या कोणत्या आकड्याचा रंग कोणता, हे प्रोफाइल सांगतो.) शेजारचे 'असाइन प्रोफाइल' वापरू नका. असाइन आकडे तेच ठेवून रंग बदलते, कन्व्हर्ट रंग तोच ठेवून आकडे बदलते. सेव्ह करताना प्रोफाइल एम्बेड करायची खूण असू द्या. १२ बाय ३६ इंचांच्या शीटला ३०० डीपीआयने ३६०० बाय १०८०० पिक्सेल लागतात.

लॅबने स्वतःच्या पेपरचा आयसीसी प्रोफाइल दिला तर तो सॉफ्ट प्रूफसाठी, म्हणजे छपाईत रंग कसे येतील ते आधीच पडद्यावर पाहण्यासाठी, जरूर वापरा. फोटोपेपरचा काळा पडद्याइतका खोल नसतो, आणि शेरवानीवरची काळ्यावर काळी नक्षी राहणार की जाणार हे तिथेच कळते. लॅबने वेगळे सांगितले नसेल तर फाइल मात्र एसआरजीबीतच पाठवा.

प्रश्न : आमचा टॉवेल आणि चादरींचा कारखाना आहे. कॅटलॉगचे फोटो स्क्रीनवर अगदी मालासारखे दिसत होते. ऑफसेटवर छापल्यावर राणी मळकट आला, पोपटी सुकल्यासारखा आणि रॉयल ब्लू जांभळट. प्रेसवाले म्हणतात, सीएमवायकेत एवढंच येतं. सॉफ्ट प्रूफ केलं असतं तर हे आधी कळलं असतं का?
— एक कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : कळले असते, आणि बरेच वाचवताही आले असते. प्रेसचे म्हणणे अर्धे खरे आहे.

आधी खरा अर्धा भाग. सीएमवायके म्हणजे सायन, मॅजेंटा, यलो आणि काळी या चार शाया. मॅजेंटा शाईने फक्त हिरवा प्रकाश शोषायला हवा, पण ती थोडा निळाही गिळते. म्हणून राणीतला निळसर झळाळ जातो. सायन शाई लालबरोबर थोडा हिरवा आणि निळाही खाते; म्हणून सायन-पिवळ्यातून होणारा पोपटी मंद पडतो. सायनवर मॅजेंटा जास्त चढला की निळा जांभळ्याकडे झुकतो. सुतावरचा रिअ‍ॅक्टिव्ह डाय या चार शायांपेक्षा कितीतरी शुद्ध असतो. ही मर्यादा कोणत्याच सॉफ्टवेअरने पुसली जात नाही.

उरलेला अर्धा भाग तयारीचा आहे. प्रेसला आधी तीन गोष्टी विचारा : कागद कोणता, प्रोफाइल कोणता आणि एकूण शाईची (एका जागी चारही शायांच्या टक्क्यांच्या बेरजेची) मर्यादा किती. आर्ट पेपरसाठी, म्हणजे लेप दिलेल्या गुळगुळीत कागदासाठी, फोग्रा ३९ किंवा त्यानंतरचा, २०१५ साली आलेला फोग्रा ५१ ही प्रचलित मानके आहेत. यांपैकी कशावर मशीन बसवले आहे ते प्रेसने सांगायला हवे. कुणीच काही सांगितले नाही की बहुतेक संगणकांवर फोटोशॉपचा मूळचा प्रोफाइल, यू. एस. वेब कोटेड स्वॉप, लागतो. तो अमेरिकेतल्या वेब ऑफसेटसाठी, म्हणजे कागदाच्या रिळावर छापणाऱ्या मशीनसाठी आहे. आपल्याकडच्या सुटे ताव छापणाऱ्या शीटफेड मशीनशी आणि आर्ट पेपरशी त्याचा संबंध नाही. मिळालेली आयसीसी फाइल विंडोजमध्ये राइट क्लिक करून 'इन्स्टॉल प्रोफाइल' केली की फोटोशॉपच्या यादीत दिसू लागते.

आता सॉफ्ट प्रूफ. व्ह्यू मेन्यूत प्रूफ सेटअप, त्यात कस्टम. 'डिव्हाइस टू सिम्युलेट'मध्ये प्रेसचा प्रोफाइल निवडा. 'प्रिझर्व्ह नंबर्स' दिसत असेल तर खूण काढा. 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन' चालू ठेवा. 'रेंडरिंग इंटेंट'मध्ये रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आणि पर्सेप्च्युअल दोन्ही लावून पाहा; हा निर्णय तुमच्या मालासाठी सगळ्यांत महत्त्वाचा आहे. रिलेटिव्हमध्ये छपाईच्या आवाक्यातले रंग जसेच्या तसे राहतात आणि बाहेरचे रंग आवाक्याच्या काठावर आणून बसवले जातात. पर्सेप्च्युअलमध्ये सगळेच रंग थोडे आत सरकतात, पण त्यांच्यातली अंतरे टिकतात. राणी टॉवेलच्या लूपमधल्या फिकट-गडद छटा रिलेटिव्हमध्ये एकमेकींत मिसळून सपाट गुलाबी थर होतो आणि टॉवेल प्लॅस्टिकचा वाटतो. अशा पानाला पर्सेप्च्युअल घ्या. मॉडेलचा चेहरा आणि फिकट शेड असलेल्या पानाला रिलेटिव्ह बरा.

कंट्रोल, शिफ्ट आणि वाय दाबल्यावर गॅमटबाहेरच्या, म्हणजे छपाईच्या आवाक्याबाहेरच्या रंगांच्या जागा राखाडी दिसतात. तो राखाडी पूर्ण जाईपर्यंत सॅच्युरेशन उतरवत बसू नका. रंग आवाक्याबाहेर आहे एवढेच तो सांगतो, किती बाहेर ते सांगत नाही. केसभर बाहेर असलेला रंगही तसाच राखाडी होतो, आणि त्याच्यामागे लागून अख्खा टॉवेल फिका केला जातो. त्याऐवजी विंडो मेन्यूतून अरेंजमध्ये जाऊन त्याच फाइलची दुसरी खिडकी उघडा. एकीत कंट्रोल-वायने प्रूफ चालू, दुसरीत बंद. दोन्ही शेजारी ठेवून ह्यू-सॅच्युरेशनच्या लेयरवर फक्त मॅजेंटा निवडा, ह्यू दोन-चार अंकांनी हलवून पाहा, सॅच्युरेशन पाच ते दहाने उतरवा. मळ बहुतेक वेळा सॅच्युरेशन कमी पडल्याचा नसतो, राणीत शिरलेल्या पिवळ्या-काळ्या शाईचा असतो. इन्फो पॅनेलमध्ये सीएमवायके आकडे लावून राणीवर कर्सर न्या. तिथे काळी शाई १० टक्के दिसत असेल तर सिलेक्टिव्ह कलरने ती शून्याकडे आणा. हे काम शेवटी, सीएमवायके केलेल्या प्रतीवर करायचे. रॉयल ब्लूसाठी त्याच प्रतीवर मॅजेंटा सायनपेक्षा किमान ३० अंकांनी खाली ठेवा : सायन १०० असेल तर मॅजेंटा ७० च्या वर नको.

मोरपंखीचे प्रकरण उलटे आहे. ऑफसेटची सायन शाई एसआरजीबीच्या आवाक्याबाहेरही जाते. रॉ फाइल आधीच एसआरजीबीत काढली असेल, तर कागदावर येऊ शकणारा मोरपंखी तुम्ही छपाईच्या आधीच गमावलेला असतो. कॅटलॉगसाठी रॉमधून अ‍ॅडोबी आरजीबी, १६ बिट, टिफ अशी फाइल काढा आणि सगळ्यात शेवटी थेट प्रेसच्या प्रोफाइलमध्ये कन्व्हर्ट करा. साध्या मॉनिटरवर तो वाढीव मोरपंखी दिसणार नाही, त्यामुळे या एका रंगासाठी सॉफ्ट प्रूफपेक्षा छापील प्रूफवर विश्वास ठेवा.

प्रत्येक शेड हुबेहूब आणण्यापेक्षा शेडींमधले अंतर जपा. बारा शेडींच्या पानावर राणी आणि डाळिंबी सारखेच दिसू लागले तर गिऱ्हाईक चुकीची ऑर्डर देते. दोन्ही थोडे मंद पण वेगळे दिसले तर काम भागते. पक्क्या रंगासाठी शेड कार्ड असतेच. मुखपृष्ठावर राणी झळकायलाच हवा असेल तर पाचवी प्लेट घेऊन पँटोनची रोडामाइन रेडसारखी खास शाई लावता येते. खर्च वाढतो, पण त्या रंगाला दुसरा खात्रीचा उपाय नाही.

उजेडाकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. तुमच्या कारखान्यात शेड मॅचिंगची लाइट बॉक्स डी ६५ (दिवसाच्या उजेडासारखा) आणि टीएल ८४ (दुकानातल्या ट्यूबसारखा) या दिव्यांवर चालते. छपाईचे प्रोफाइल मात्र डी ५०, म्हणजे ५००० केल्विन उजेड धरून बनवलेले असतात. टॉवेलचा डाय आणि छपाईची शाई ही वेगवेगळी द्रव्ये आहेत. एका दिव्याखाली जुळलेली जोडी दुसऱ्याखाली फुटते. त्यामुळे छापील पान आणि टॉवेल यांची तुलना ५००० केल्विन, सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) ९० च्या वरच्या दिव्याखाली करा, आणि प्रेसने पान मंजुरीला दाखवले तर तेही त्याच दिव्याखाली पाहा. गोदामातल्या कूल डेलाइट ट्यूबखाली रंगावर वाद घालू नये. फोटो काढतानाही प्रत्येक लाइटिंगसाठी एक फ्रेम २४ चौकोनांच्या कलर चार्टची घ्या आणि त्यावरून कॅमेरा प्रोफाइल बनवा. सुरुवातीची शेडच चुकली असेल तर पुढचे सगळे प्रूफ चुकीच्या रंगाचे असतात.

प्रश्न : 'सिम्युलेट पेपर कलर'ला टिक केली की फोटो एकदम धुरकट होतो. ती टिक ठेवायची की काढायची?
— एक डिझायनर, नवी पेठ

उत्तर : ठेवायची, पण पाहायची पद्धत बदलायची. टिक केल्यावर फोटोशॉप कागदाचा खरा पांढरा आणि शाईचा खरा काळा दाखवू लागते. धुरकट वाटते कारण आजूबाजूला पॅनेल, मेन्यू यांचे पडद्याचे झगझगीत पांढरे असते आणि डोळा त्याच्याशी तुलना करतो. टॅब दाबून पॅनेल लपवा, एफ दाबून फोटो पूर्ण पडद्यावर आणा, मागचा रंग मध्यम राखाडी करा. टिक करताना नजर दुसरीकडे वळवा, दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा पाहा. आता जे दिसते ते कागदाच्या बरेच जवळ असते.

एक खबरदारी. धुरकटपणा भरून काढायला कॉन्ट्रास्ट थोडा वाढवणे ठीक, पण कागदाचा पांढरा आणखी पांढरा करायचा प्रयत्न करू नका. तिथे शाईच नसते, त्यामुळे काही बदलत नाही, आणि त्या नादात लगतच्या फिकट छटा मात्र उडतात.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेची स्मरणिका मॅपलिथोवर (बिनलेपाच्या साध्या कागदावर) छापली. नंदीध्वज धरलेल्या भाविकांच्या पांढऱ्या बाराबंद्या काही पानांवर कागदात विरघळल्या, काही पानांवर गुलाबी दिसल्या. रात्रीचे फोटो तर मागच्या पानावर उठले.
— स्मरणिका मंडळातील एक सदस्य, बाळीवेस

उत्तर : या तीन वेगळ्या चुका आहेत.

विरघळणे हा हायलाइटचा प्रश्न. जानेवारीतल्या दुपारच्या उन्हात पांढरे कापड सहज उडते. प्लेटवर अगदी बारीक टिंब टिकत नाही, म्हणून कपड्याच्या उजळ भागात किमान ३ ते ५ टक्के शाई हवी. आरजीबीत काम करताना बाराबंदीचा सर्वांत उजळ भाग २४० ते २४५ च्या वर जाऊ देऊ नका. चमकणारे पितळ किंवा दिवा पूर्ण पांढरा राहिला तर बिघडत नाही. फोटो काढतानाच कॅमेऱ्याची हायलाइट वॉर्निंग चालू ठेवली तर पुढचे कष्ट वाचतात, कारण रॉमध्येही पूर्ण उडालेले कापड परत येत नाही.

गुलाबीपणा हा ग्रे बॅलन्सचा प्रश्न. छपाईत सायन, मॅजेंटा, यलो सारखे दिले की राखाडी येत नाही, तांबूस येते. आर्ट पेपरवर मध्यम राखाडीला साधारण सायन ५०, मॅजेंटा ४०, यलो ४० लागतात. फिकट भागातही सायनच वरचढ हवा, जसे ५, ३, ३. योग्य प्रोफाइलने कन्व्हर्ट केले तर हे आपोआप होते. सीएमवायके झाल्यावर कुणीतरी 'जरा वॉर्म' करायला कर्व्ह हलवले की बिघडते. नीळ किंवा ऑप्टिकल ब्राइटनर लावलेले कापड उन्हात निळसर झळकते, हेही आहे. ते मारायला अख्ख्या फोटोचा व्हाइट बॅलन्स पिवळ्याकडे नेला तर चेहरे बिघडतात. फक्त कपड्यावर मास्क करून निळ्याचे सॅच्युरेशन उतरवा.

मागच्या पानावर उठणे म्हणजे शाई जास्त झाली आणि वाळली नाही. शोभेच्या दारूकामाच्या फोटोत आकाशाच्या काळ्यात चारही शाया ओतलेल्या असतात. इन्फो पॅनेलच्या ऑप्शनमध्ये 'टोटल इंक' लावा आणि सर्वांत काळ्या जागी कर्सर ठेवा. आर्ट पेपरच्या फोग्रा ३९ला ३३० टक्के चालतात, फोग्रा ५१ला ३००, वर्तमानपत्री कागदाला २४०. मॅपलिथोसाठी फोग्रा ५२ हा बिनलेपाच्या कागदाचा प्रोफाइल ३०० पर्यंत जातो, पण शोषक कागद आणि दोन्ही बाजूंना फोटो असतील तर प्रेसला विचारून त्याहूनही खाली राहा. आर्ट पेपरसाठी केलेली सीएमवायके फाइल मॅपलिथोला तशीच देऊ नका. मूळ आरजीबीवरून पुन्हा कन्व्हर्ट करा. मजकूर मात्र फक्त काळ्या शाईत, १०० टक्के.

प्रश्न : घरच्या इंकजेटवर प्रिंट फार लालसर आणि गडद येतो. पेपर कंपनीचा प्रोफाइल टाकला आहे, तरीही.
— एक हौशी फोटोग्राफर, विजापूर रोड

उत्तर : रंगाची दुरुस्ती बहुधा दोनदा होते आहे, एकदा फोटोशॉपकडून आणि एकदा प्रिंटरच्या ड्रायव्हरकडून. प्रिंटच्या खिडकीत 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडून पेपरचा प्रोफाइल द्या, आणि मग प्रिंट सेटिंग्जमध्ये जाऊन ड्रायव्हरचे रंगकाम बंद करा. एप्सनमध्ये ते 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट' म्हणून असते, कॅननमध्ये कलर मॅचिंग 'नन'. मीडिया टाइप प्रोफाइलसोबतच्या सूचनेत दिला असेल तोच हवा, कारण शाई किती सोडायची हे त्यावर ठरते.

बाटलीतली दुसऱ्या कंपनीची शाई भरलेली असेल तर पेपर कंपनीचा प्रोफाइल लागू होत नाही. तो मूळ शाईवर मोजलेला असतो. अशा वेळी रंगचौकोनांचे पान सर्व कलर मॅनेजमेंट बंद ठेवून छापायचे, एक दिवस वाळू द्यायचे आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजून स्वतःचा प्रोफाइल करून घ्यायचा. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात नोझल लवकर वाळतात. एक रंग अर्धवट बंद पडला तरी प्रिंटवर असाच कास्ट (एका रंगाची झाक) येतो, म्हणून प्रोफाइलला दोष देण्यापूर्वी नोझल चेक काढा.

प्रश्न : आयफोनचे फोटो लॅबमध्ये फिके छापले जातात. फोन खराब आहे का?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : फोन चांगला आहे. तो फोटो डिस्प्ले पी ३ या मोठ्या रंगजागेत साठवतो आणि लॅबचे सॉफ्टवेअर प्रोफाइल न वाचता त्याला एसआरजीबी समजते. संगणकावर उघडून एसआरजीबीत कन्व्हर्ट केलेली जेपेग द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा फोटो पाठवू नका, तो लहान होतो आणि दाबला जातो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रश्न : मॉनिटर आधी घ्यावा की कॅलिब्रेशनचं यंत्र?
— एक स्टुडिओचालक, सात रस्ता

उत्तर : सध्याचा पडदा एसआरजीबी जवळजवळ पूर्ण दाखवत असेल तर यंत्र आधी. तो '४५ टक्के एनटीएससी' जातीचा स्वस्त लॅपटॉप पॅनेल असेल तर मॉनिटर आधी, कारण कॅलिब्रेशन चुकलेला रंग सरळ करते, नसलेला रंग आणत नाही. आयपीएस पॅनेल आणि एसआरजीबी ९९ टक्के एवढे पाहून घ्या. अल्बमच्या कामाला त्याहून महाग लागत नाही. कॅटलॉगचे काम नेहमी येत असेल तरच अ‍ॅडोबी आरजीबीवाला विचारात घ्या. यंत्र दोन-तीन स्टुडिओंनी मिळून घेतले तरी चालते. महिन्यातून एकदा मोजणी पुरे, आणि ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा विंडोज अपडेट झाल्यावर कलर मॅनेजमेंटच्या खिडकीत तुमचाच प्रोफाइल डीफॉल्ट आहे ना, ते तपासा.